टिंबावर ठिय्या

…"मार की मग," म्हटलं मी त्याला, "थांबलास कशाला? आधी माझ्या टाळक्यात हाण, आणि ताकद उरली तर दगडात हाण, मधे मी बसलेय, दिसत नाही का तुला?" आणि तुम्हाला सांगते, तो बद्रीनाथ, केवढा दांडगा माणूस, त्याचा दंड म्हणजे माझी मांडी, हातात छातीएवढी पहार, पहार गेलेली डोक्याच्या वर आणि बरोब्बर खाली मी, आणि तो मला म्हणतो काय, "म्हातारे, तुला न्हाई लागायची, मला खालचा दगुड फोडायचाय." लागायची नाही म्हणे. पहार वरून खाली येताना मधे थांबून चौकशी करते का, की बाई, आपण कोण, माणूस की दगड? आणि मागून त्याची आई, वेणूबाई तिचं नाव, माझा अंबाडा मुठीत धरून मुळा उपटावा तशी ओढतेय, "ऊठ, ऊठ गं भवाने," आणि मीही तिची झिंजी धरलेली, हात पाठीमागे वळवून, न बघता... या वयात हात एवढा मागे वळतो हे मला तरी कुठं माहीत होतं? आणि पलीकडे करवंदीच्या जाळीत आमचा योगेश पडलाय, नाकातून रक्त, एक बूट पायात आणि एक कुठं ते बुटालाच ठाऊक, खांदा भलतीकडे गेलेला, आणि तो तिथून अजूनही म्हणतोय, "अंकल, प्लीज, इट्स ओन्ली अ हॉबी."

हॉबी. घ्या.

आता तुम्ही म्हणाल, शालनबाई, तुमचं वय अडुसष्ट, घर विश्रांतवाडीला, गुडघे सकाळी दाराच्या बिजागरीसारखे वाजतात, तुम्ही मुळशीच्या पलीकडं डोंगराच्या शेंड्यावर एका दगडावर बसून काय करत होतात? बरोबर आहे, मीही हेच विचारलं असतं, आणि जरा जास्तच खवचटपणे विचारलं असतं. पण मी बसले होते ना? आणि आमच्या घरात एक नियम आहे, एकदा बसला की हलवायचा नाही. हा नियम कुठून आला ते सांगते, जरा दम धरा, वेणूबाईनं अंबाडा धरलाय तो धरू दे, ती काही सोडत नाही इतक्यात.

ही सगळी आग लावली आमच्या पूर्वानं. पूर्वा म्हणजे माझी नात, माझ्या धम्मदीपची मुलगी, वय चोवीस, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, दारात गाडी येते न्यायला, आणि रात्री ती गाडी परत टाकून जाते, टाकूनच, कारण उतरते तेव्हा पोरीत जीव नसतो. सोमवार ते शुक्रवार खुर्चीवर बसायचं, आणि शनिवारी काय करायचं? तर डोंगर चढायचा. आमच्या वेळी उलट होतं, सहा दिवस डोंगर चढायचा आणि सातव्या दिवशी बसायला मिळालं तर मिळालं. तर तिच्या कंपनीत हा योगेश, मूळचा अकोल्याचा, स्वभावानं गरीब, आठ महिने अमेरिकेला जाऊन आलेला, आणि येताना तिथून एक यंत्र घेऊन आला, मक्याच्या कणसाएवढं, पिवळं, त्यात म्हणे आकाशातल्या उपग्रहाला कळतं आपण कुठं उभे आहोत. मी म्हटलं, तुझं तुला कळत नाही का, कुठं उभा आहेस ते?

पूर्वानं मला समजावून सांगितलं. आजी, अमेरिकेत लोक डोंगरावर डबे लपवतात. मी म्हटलं, चोरीचे? नाही गं, स्वतःचे. मग लपवतात कशाला? दुसऱ्यांनी शोधावेत म्हणून. बरं, सापडला की घरी आणायचा? नाही, परत तिथंच ठेवायचा. आणि मग? मग आत एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला वाटलं, पोरीच्या अंगी लागत नाहीये.

पण यांची टोळी त्याच्याही पुढची. नुसते डबे नाहीत, अहो, डोंगरांच्या माथ्यावर सरकारी मोजणीचे जुने दगड असतात, वाटोळं काढलेलं आणि मधे टिंब, ते दगड हुडकून काढायचे, शेजारी आपला डबा लपवायचा, दगडाबरोबर फोटो काढायचा आणि तो इंटरनेटवर टाकायचा, म्हणजे मग नेदरलँडमधला कुणीतरी माणूस लिहितो, वेल डन. मी विचारलं, त्याला काय करायचंय? पूर्वा म्हणाली, आजी, तू ना निगेटिव्ह आहेस.

तर एके रविवारी ही पोरगी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली होती आणि मी लसूण सोलत होते, आणि ती म्हणाली, आजी बघ, लास्ट वीक हा सापडला. मी बघितलं. काळा दगड, वाटोळं, मधे टिंब, आणि खाली इंग्रजी आकड्यांत एकोणीसशे त्रेसष्ट. आणि त्या त्रेसष्टातल्या सहाची शेंडी जरा लांब गेलेली.

माझ्या हातातली पाकळी खाली पडली. मी म्हटलं, "हा माझा दगड आहे."

"अगं आजी, तो गव्हर्नमेंटचा आहे."

"गव्हर्नमेंट आलं होतं का तो डोक्यावर घेऊन?"

कारण तुम्हाला सांगते, त्या सहाच्या वेळी छिन्नी घसरली होती, आणि छिन्नी होती माझ्या कचरूच्या हातात. कचरू म्हणजे माझा नवरा. नकाशे करणाऱ्या सरकारी खात्यात खलाशी. खलाशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं बोट येते, होय ना? तसं नाही. मोजणीवाल्यांचा खलाशी म्हणजे डोंगर चढणारा हमाल. साहेबाची दुर्बीण डोक्यावर, तिची तिवई खांद्यावर, तंबू पाठीवर, आणि साहेब पुढं, छत्री घेऊन. साहेब वर जाऊन दुर्बिणीतून बघायचा, वहीत आकडे लिहायचा, नकाशा छापला की त्यावर नाव साहेबाचं. बरोबर आहे, बघितलं त्यानं होतं. डोंगर तिथं आधीपासून होताच, आणि आम्ही तर काय, नव्हतोच.

मी शाळेत गेलेले नाही. पण लोक मला अडाणी म्हणत नाहीत, कारण एकदा एकानं म्हटलं होतं आणि त्याचा चष्मा अजून दोऱ्यानं बांधलेला आहे. मी वाचायला शिकले ती नकाशांवर. खात्यानं टाकून दिलेले नकाशे कचरू घरी आणायचा, डब्यांखाली अंथरायला, आणि मी डबे उचलून वाचायचे. पहिलं अक्षर शिकले तेच मुळी इंग्रजी, मराठी मागाहून, ते पाटीवर नव्हे, दुकानांच्या पाट्यांवर. तपकिरी रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की पाय मोकळे. त्रिकोण आणि मधे टिंब म्हणजे मोजणीचा दगड. निळं वाटोळं म्हणजे विहीर. त्या डोंगराखालच्या गावाच्या नकाशात विहीर होती, चांगली निळी. पण ती आम्हाला नव्हती. त्रेसष्ट साल, आम्ही बौद्ध, आणि गावानं सांगितलं, पोहरा टाकायचा नाही. साहेबाला पाणी चालेल, साहेबाच्या माणसांना नाही. मग काय, मी होते ना. खलाशाची बायको बरोबर न्यायची परवानगी नव्हती, पण पाणी वाहायला कुणी तयार होईना, तेव्हा परवानगी सापडली. पलीकडच्या अंगाला ओढा होता, खाली, पार खाली, तिथून घागर भरून वर, दिवसाला सहा खेपा, चोविसावं वर्ष, पोटात धम्मदीप. त्या पाण्यात कालवलेल्या सिमेंटमधे तो दगड बसलाय. आणि माझी नात मला सांगते, गव्हर्नमेंटचा आहे.

आता तो बसवतात कसा ते ऐका, म्हणजे पुढची मारामारी कळेल. नुसता दगड ठेवला आणि टाळ्या वाजवल्या असं नसतं. आधी खालच्या कातळात वाटोळं आणि टिंब कोरायचं. मग त्यावर चौथरा रचत आणायचा आणि वर दुसरा दगड, त्याच्यावरही तसंच टिंब. आणि वरचं टिंब खालच्या टिंबाच्या बरोब्बर डोक्यावर पाहिजे, केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. तिवईवरून ओळंबा सोडायचा, साहेब पालथा पडून एक डोळा मिटून बघणार, आणि चार खलाशी तो दोन मणांचा दगड हातात धरून वाकलेले. "जरा पूर्वेला. थांब. जरा मागं. थांब, थांब... सोड." सोडला. दगड बसला. कचरू ओरडला. असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. आणि साहेब पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "बसला. आता हलवायचा नाही."

त्या रात्री कचरू डाव्या हातानं जेवला. पुढं पंधरा दिवस डाव्याच हातानं.

आणि तेच वाक्य त्या माणसानं जन्मभर धरून ठेवलं. लोक वैतागायचे. कढईत झारा अडकला, बसला, आता हलवायचा नाही. रेडिओ एकदा एका स्टेशनावर लागला, हलवायचा नाही. धम्मदीपचं लग्न ठरलं, मुलगी म्हणाली जरा विचार करते, कचरू म्हणाला, बसला, आता हलवायचा नाही. विश्रांतवाडीला आम्ही झोपडी टाकली तेव्हा पाडापाडीवाले आले ट्रक घेऊन, मी दारात पाट मांडून बसले, हातात खलबत्त्यातला बत्ता. त्यांच्यातल्या एकाच्या पायावर बत्ता पडला. पडला म्हणजे मी पाडला. दुसऱ्याच्याही पाडणार होते पण तो ट्रकमधे जाऊन बसला, आणि कचरू आतून म्हणाला, "बसलो, आता हलायचं नाही." घर अजून तिथंच आहे. वर स्लॅब पडला.

त्याच्या उजव्या हाताला साडेचार बोटं होती, हे सांगायचं राहिलं. करंगळी अर्धी. कुणी विचारलं, कचरूभाऊ, बोट कुठं गेलं, तर एवढंच म्हणायचा, "सरकारजमा झालं." हसून सोडायचे लोक. धम्मदीपला मारायचा तेव्हा गालावर साडेचार बोटं उठायची आणि शाळेत मास्तर गाल बघून विचारायचे, आज वडलांनी मारलं वाटतं, आई नव्हती का घरी? कारण माझी पाच उठायची, स्वच्छ. मीही कधी कुणाला काही बोलले नाही. त्या वेळी अपघाताचा कागद झाला असता तर साहेबाला खुलासा द्यावा लागला असता, आणि खलाशाला घर गाठावं लागलं असतं. गप्प बसलो. आणि बसलो ते...

असो. कचरू जाऊन सात वर्षं झाली. आणि समोर कॉम्प्युटरवर तो दगड. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी मला घेऊन चल."

"आजी, साडेतीन तासांचा ट्रेक आहे."

"मग सकाळी लवकर निघू."

योगेशची गाडी, पूर्वा, मी, आणि एक सृष्टी म्हणून पोरगी, जिला चालताना बोलायला लागतं आणि बोलताना थांबायला लागतं. माझ्या हातात कचरूचा दांडा. मोजणीचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, खाली लोखंडी टोक, खात्यानं निकालात काढला तेव्हा त्यानं घरी आणला होता. योगेश म्हणाला, "आजी, ट्रेकिंग पोल मस्त आहे." मी म्हटलं, "लागला की कळेल."

ते यंत्र आम्हाला नेत होतं. तीनशे वीस मीटर, दोनशे ऐंशी मीटर, टर्न लेफ्ट... लेफ्टला दरी. मग करवंदीची जाळी. सृष्टीचा दुपट्टा जाळीत, दुपट्टा सोडवायला गेलेली पूर्वा जाळीत, आणि योगेश म्हणतोय, "सिग्नल येतोय, वन सेकंड." मी म्हटलं, तुमचा सेकंद संपला की या. आणि धारेधारेनं चालू लागले. धार म्हणजे काय, डोंगराचा कणा, कण्यावरून चाललं की माथा येतोच, जाणार कुठं? मी पोचले तेव्हा ते तिघं खालून ओरडत होते, आजी, तू चुकलीस. आणि मी दगडापाशी उभी.

गवत वाढलं होतं. दांड्यानं सारलं. आमच्यात दगडाला नमस्कार करत नाहीत, मीही केला नाही. हात ठेवला फक्त. तापला होता, म्हणून काढला. मग परत ठेवला. बस, एवढंच, यापुढं काही विचारू नका.

तोवर ही पोरं आली आणि डबा शोधायला लागली. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी तिथं ठेवलेला, स्टीलचा, झाकणाचा. आणि डबा गायब. योगेश यंत्र घेऊन दगडाभोवती फेऱ्या घालतोय, यंत्र टूंक टूंक करतंय, दगडाजवळ गेलं की जास्त करतंय, हा गुडघ्यांवर बसून धोंडे उचलून बघतोय. मी विचारलं, डब्यात होतं तरी काय? वही, पेन्सिल, अमेरिकेतली थोडी चिल्लर, आणि सृष्टीनं हौसेनं ठेवलेली एक कापडी बाहुली, लाल दोऱ्याचे केस. आणि वहीत आकडे, कारण ही पोरं नाव कमी आणि आकडे जास्त लिहितात. अठरा अंश अमुक, त्र्याहत्तर अंश तमुक.

आता तुम्हीच सांगा. डोंगराचा माथा, जुना कोरीव दगड, शेजारी पुरलेला डबा, त्यात परदेशी नाणी, बाहुली आणि आकडे. खेड्यातल्या माणसाला काय वाटेल? मलाही तेच वाटलं असतं. गुप्तधन!

आणि वर आले की हो ते. पंधरा-वीस जण, काठ्या, कोयते, पुढं हा बद्रीनाथ पहार घेऊन, आणि त्याच्या शेजारी वेणूबाई, एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात... डबा. उघडून तिनं बाहुली काढली, केसांना धरून. "ही कुनाच्या नावानं पुरली?"

सृष्टी म्हणाली, "आंटी, ती क्यूट वाटली म्हणून..."

"कुनाच्या नावानं इचारते मी. दोन शेळ्या मेल्या माझ्या ह्या महिन्यात."

मी योगेशला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. पण शिकलेला मुलगा तो, त्याला वाटलं, नीट समजावून सांगितलं की माणसं समजतात. दोन्ही हात वर करून म्हणाला, "अंकल, मिसअंडरस्टँडिंग होतंय. इट्स अ गेम. म्हणजे बघा, आम्ही खजिना शोधतो ना, त्या टाइपचं."

खजिना म्हणाला. त्या शब्दाशिवाय मराठीत दुसरे शब्द नव्हते का? पुढचं वाक्य त्यानं हवेत म्हटलं, कारण तोवर बद्रीनाथचा पंजा त्याच्या कानाखाली बसला होता. पाचही बोटं, मी बघितली. दुसऱ्यानं खांद्यावर काठी घातली, खांदा गेला, बूट गेला, आणि योगेश जाळीत. यंत्र पडलं, ते पडल्या पडल्या बोललं, टूंक टूंक, एकानं त्यावर धोंडा घातला, ते परत बोललं, परत घातला, तिसऱ्यांदा घातला तेव्हा गप्प झालं. बाईमाणूस असतं तर पहिल्या धोंड्यालाच गप्प बसावं लागलं असतं... जाऊ दे. पूर्वा एकाच्या मनगटाला चावली. चोवीस वर्षं हिला मी वाढवली, हिच्या अंगात हे आहे हे मला त्या दिवशी कळलं, मन भरून आलं. सृष्टी किंचाळत होती, बोलताना थांबायला लागतं ना तिला, ती एका जागी उभी राहून किंचाळत होती.

आणि मी? माझा दांडा सहा फुटी, माझ्याभोवती सहा फूट मोकळं. एकाची नडगी, एकाचा गुडघा, एकाचं जे लागलं ते. "म्हातारीला आवरा रे," कुणीतरी ओरडलं. मी म्हटलं, या आवरायला.

आतापर्यंत भांडण कसं होतं? चोर धरले, त्यांना चोपायचं आणि खाली न्यायचं. साधं भांडण. पण त्यात कुणाची तरी अक्कल चालली. "आरं, मशीन दगडापाशीच लई वाजत व्हतं की." आणि तुम्हाला सांगते, त्या डोंगरावर एकदम चित्र पालटलं. सगळ्यांच्या काठ्या खाली आल्या. मघापासून जी माणसं म्हणत होती की आमच्या डोंगरातलं धन काढणाऱ्याचे हात मोडू, ती सगळी दगडाकडे बघायला लागली. बद्रीनाथ म्हणाला, "शेरातले येऊन नेनार, त्यापरीस आपुनच काढू." आणि पहार उचलली आणि घातली.

टवका उडाला. त्रेसष्टातला तीन गेला. उरला सहा, शेंडी लांब.

मी काय केलं मला आठवत नाही. पूर्वा सांगते, आजी, तू त्याच्या नडगीत लोखंडी टोक घातलंस आणि तो एका पायावर नाचला. नाचला असेल. मला एवढंच आठवतं की तो परत उभा राहिला, पहार परत वर गेली, माझा दांडा दोघांनी मिळून हिसकावला, आणि माझ्याकडं द्यायला काही उरलं नाही, तेव्हा मी दगडावर बसले. टिंबावर. बरोब्बर, केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. चौथऱ्याला एका हातानं घट्ट धरून. बसले, आता हलायचं नाही.

म्हणजे आपण जिथं होतो तिथं आलो. पहार वर, मी खाली, अंबाडा वेणूबाईच्या मुठीत.

"ऊठ," वेणूबाई म्हणाली. "आमच्या डोंगरावं तुजा काय हक्क?"

मी म्हटलं, "तुमच्या डोंगरात माझं पाणी आहे."

"कसलं पानी?"

"ज्यात ह्या दगडाचं सिमेंट कालवलंय ते. तुमच्या विहिरीवर पोहरा टाकू दिला नाहीत, म्हणून पलीकडच्या ओढ्यावरून आणलेलं. दिवसाला सहा खेपा."

तिचा हात सैल झाला. सोडला नाही, सैल झाला. वाकून माझ्या तोंडाकडं बघायला लागली, एवढ्या जवळून की तिच्या तोंडाचा मिसरीचा वास आला. "मोजनीवाल्यातली? ती पोटुशी बाई?" म्हणाली. "मी तवा नवी नवरी व्हते. इहिरीवरनं दिसायची तू, घागर घिऊन. सासू म्हनायची, बगू नगंस तिकडं."

"आणि तू बघत होतीस?"

"बगत व्हते की."

मी म्हटलं, "बघून काय केलंस?" आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिची झिंजी सोडावीशी वाटली, पण आधी तिनं सोडावी म्हणून मी धरून ठेवली.

पण बद्रीनाथला या जुन्या गोष्टींशी काय देणंघेणं? त्याला दिसत होतं सोनं. तो म्हणाला, "आये, पानी-बिनी ऱ्हाऊ दे. ही म्हातारी जीव द्यायला बसलीया, म्हंजे खाली कायतरी हाय. तिला ठावं हाय. म्हातारे, तू उठतीस का मी उचलू? न्हाईतर सांग, खाली काय हाय?" आणि ते सगळे, पंधरा-वीस जण, पुढं सरकले. पूर्वाला दोघांनी धरलेलं, ती लाथा झाडतेय, "आजी, ऊठ, प्लीज ऊठ, दगडासाठी मरू नको." पहार वर. खालून दगड तापलेला, वरून ऊन. मी विचार केला, शालन, तू बसलीस तोवर दगड आहे. पण तू किती बसशील? आज उठवतील, नाहीतर उद्या रिकामा सापडला की फोडतील. यांच्या डोक्यातून ते सोनं काढल्याशिवाय हा दगड काही राहत नाही. आणि ते काढायला माझ्यापाशी एकच गोष्ट होती, चव्वेचाळीस वर्षं कुणाला न सांगितलेली.

मग मी एक वाक्य बोलले. फक्त एक.

तुम्हाला सांगते, त्या वाक्यानंतर बद्रीनाथनं पहार खाली आणली, अशी हळू, जशी झोपलेलं मूल खाली ठेवावं. माझ्या पायाशी ठेवली. टोपी काढून मानेवरचा घाम पुसत बसला. कुणीतरी जाऊन योगेशला जाळीतून काढलं आणि त्याचा बूट शोधून दिला. पूर्वाला सोडलं, तर ती लाथा झाडायची थांबेचना, हवेतच दोन झाडल्या. वेणूबाईनं माझा अंबाडा सोडला, आणि परत बांधला, स्वतःच्या हातानं, तिच्या केसातली पिन काढून, आणि बांधताना नाकानं आवाज करत होती. मी म्हटलं, घट्ट बांध, उतरायचंय.

उतरताना दोघांनी मला धरून आणलं. नको म्हटलं तरी धरलं. खाली विहिरीवर बद्रीनाथनं पोहरा टाकला, कळशी भरली, आणि माझ्यापुढं धरली. तीच विहीर, नकाशातली, निळी. मी प्यायले. सगळे बघत होते. मी म्हटलं, चवीला काही विशेष नाही, उगाच इतकी वर्षं धरून ठेवलीत.

योगेशचा खांदा कसब्यातल्या हाडवैद्यानं जागेवर घातला, आणि घालून झाल्यावर काय म्हणाला असेल? "बसला, आता हलवायचा नाही." मला हसू फुटलं, योगेश बिचारा रडत होता. ते यंत्र कामातून गेलं. त्यांची टोळी आता येरवड्याला कुठंतरी घरात बसून भिंतीवर चढायला शिकते, तिथं गाव नाही. धम्मदीप माझ्याशी चार दिवस बोलला नाही. मग एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला, चाळिशी ओलांडलेला माणूस, गालावरून हात फिरवत, आणि एवढंच म्हणाला, "आई, मला तरी सांगायचंस." मी म्हटलं, तुझ्या बापानं दाबून ठेवलं, मी काय उकरून काढू? आणि दगड तिथंच आहे. गावानं भोवती चार धोंडे रचलेत, गुरं घासू नयेत म्हणून. वेणूबाई निरोप पाठवते अधूनमधून, दगड हाय म्हनावं.

आता तुम्ही विचाराल, शालनबाई, एवढं सगळं सांगितलंत, बोललात तरी काय? फार काही नाही हो. पहार डोक्यावर असताना माणूस काय भाषण करतो? मी त्या वेणूबाईची झिंजी सोडली, पदर सारखा केला, आणि बद्रीनाथला म्हटलं, "बरं, उठते मी, खण, पण सावकाश खण बाबा, हा दगड बसवताना माझ्या नवऱ्याचं अर्धं बोट खाली राहिलं आणि साहेबांनी दगड परत उचलू दिला नाही, सोनं निघालं तर तुझं, बोट तेवढं माझ्या हातात दे."